आईचा अंगठा आणि एकवीस दिवसांतला घटस्फोट

शाईचं पॅड पुढे सरकवत तो माणूस म्हणाला, "आजी, फक्त इथं टेकवा." आईने पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम जुन्या, वर्गातल्या आवाजात म्हणाली, "आधी यादीत नाव बघा." जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती ती, कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केलेली. तिला वाटलं, मतदान केंद्रावर बसलोय. आम्ही दोघं हसलो. मग मी तिचा उजवा हात धरला (डावा पक्षाघातात गेलाय) आणि सहा ठिकाणी अंगठा उमटवून घेतला. दोन पाचशेच्या स्टँपपेपरवर, एक वकीलपत्रावर, उरलेले तीन हिरव्या लेजर कागदांवर. ते कागद कोरे होते. हे लिहितानाही कान गरम होतात.

मागचं थोडक्यात सांगते. मी सातवीत असताना वडील घर सोडून गेले आणि दुसरीकडे संसार मांडला. आईने घटस्फोट कधी मागितला नाही. "पोरीला वाढवू की कोर्टाच्या पायऱ्या झिजवू," म्हणायची. पुण्यात धायरीतला फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून घेतला. २०२१ मध्ये तिला पहिला झटका आला, २०२३ मध्ये दुसरा. त्यानंतर कधी मी तिची मुलगी असते, कधी शाळेतली शिपाईबाई.

अशात एका लग्नात मामांनी बाजूला घेऊन सांगितलं की मृत्युपत्र न करता हिंदू बाई गेली, तर तिच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने नवराही वारस असतो. पंचवीस वर्षं तोंड दाखवलं नसेल तरी. मी एकुलती एक, म्हणजे अर्धा फ्लॅट वडिलांचा. हे खोटं नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ तेच सांगतं. मृत्युपत्र करायचं तर करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळायला हवं. ती वेळ गेली होती. उरला घटस्फोट. कुणासाठी हवा होता, तेही लिहून टाकते: फ्लॅटसाठी, म्हणजे माझ्यासाठी. म्हणूनच मी इतक्या सहज फसले.

दोन वकिलांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं की काम अवघड आहे, वेळ लागेल, खात्री देता येणार नाही. मला ते टाळाटाळ करतायत असं वाटलं. मग आईला सांभाळणाऱ्या ब्युरोच्या मावशींच्या ओळखीतून शाईचं पॅड सरकवणारे हे गृहस्थ मिळाले. शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयाच्या जवळ चहाच्या टपरीवर भेटले. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायली. स्वतःला वकील म्हणाले नाहीत, "मी साहेबांचं सगळं बघतो" म्हणाले. "ताई, वकील लोक तारखांवर जगतात. आपल्याकडे कागद बोलतो."

त्यांची योजना ऐकायला फार सोपी होती. आईकडून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचं, वडिलांची संमती ते स्वतः जाऊन आणणार, आणि हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट. "आईंना जज विचारतील ना?" मी विचारलं. "कशाला विचारतील? मुखत्यार तुम्ही. आणि तुम्हीही नाही आलात तरी चालतंय." तिथेच उठायला हवं होतं. मी दुसरा चहा सांगितला.

पंचवीस हजार सुरुवातीला. चाळीस हजार "मेडिकल बोर्डाचं बघायला". साठ हजार रोख, "वरच्यांसाठी". ते कोण, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. लाच द्यायला मी तयार झाले होते, हेही इथे लपवत नाही. पहिले दोन हप्ते यूपीआयने एका बाईच्या खात्यावर गेले. एकविसाव्या दिवशी निकालाची पीडीएफ फोनवर आली, त्यानंतर चौथ्या दिवशी गोल शिक्क्याचा कागद हातात. मी पेढे आणले.

निवृत्तिवेतनाच्या नोंदी बदलायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी कागद उलटा करून पाहिला. "मॅडम, ही कोर्टाची नक्कल नाही. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा असतात मागे. कुठायत?" नव्हत्या. मग त्यांनी सीएनआर क्रमांक मोजला. प्रत्येक खटल्याला असा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. माझ्या कागदावर चौदाच होते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर हा क्रमांक टाकला की तारीख, न्यायालय, पुढे काय झालं, सगळं फुकटात दिसतं. ते ॲप माझ्या फोनमध्ये तेव्हा नव्हतं, पेढ्यांच्या दुकानाचं होतं.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. वडिलांची सही मराठीत होती, गोल, सुबक. माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही आहे. इंग्रजीत, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली लांब शेपटी. त्या माणसाने वडिलांना कधी पाहिलंसुद्धा नसणार.

गृहस्थांचा फोन त्या रात्रीपासून बंद. वकीलपत्रावर ज्यांचं नाव आणि सनद क्रमांक होता ते वकील खरे निघाले, पण त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनीच मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अपंग व्यक्तींनाही. आई दोन्हींत बसत होती. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. सव्वा लाख घालवल्यावर मला ती कळली.

तिथल्या वकील मॅडमनी जे समजावलं ते मी समजले तसं सांगते. मुखत्यारपत्र म्हणजे मी माझं काम तुझ्यावर सोपवते, असं म्हणणं. ज्याला म्हणायचंय तेच कळत नाही, त्याचं मुखत्यारपत्र जन्मतःच मेलेलं. आधी शुद्धीत असताना करून ठेवलेलं असलं, तरी भान गेलं की आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे ते तिथेच संपतं, कलम २०१. "कायमचं", "रद्द न होणारं" असं वर छापलं म्हणून ते टिकत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तर संमती हाच पाया. अर्ज आणि अंतिम आदेश यांत कायद्याने सहा महिने जावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती मुदत माफ करायची वाट मोकळी केली, पण ते न्यायाधीश परिस्थिती पाहून ठरवतात, टपरीवर ठरत नाही. नोटरीकडे घटस्फोट होतो, हीही थापच.

मग आईसारख्यांसाठी मार्ग काय? दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२ आहे. भान नसलेल्या माणसाच्या वतीने 'नेक्स्ट फ्रेंड' दावा चालवू शकतो, पण हा माणूस खरंच स्वतःचं हित जपू शकत नाही का, हे न्यायालय आधी चौकशी करून ठरवतं. नेक्स्ट फ्रेंडचा स्वतःचा स्वार्थ आड येत नाही ना, हेही बघतं. हे सांगताना मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणि तिथे परस्पर संमती चालत नाही, क्रूरता, सोडून जाणं अशी कारणं पुराव्याने सिद्ध करावी लागतात. तरीही आईला हे हवं होतं का, हा प्रश्न उरतोच.

पोलीस चौकीत अर्ज दिलाय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, शिवाय बनावट दस्तऐवजाची कलमं. यूपीआयचे पासष्ट हजार दाखवता आले, रोखीचे साठ हजार हवेत गेले. तीन कोऱ्या कागदांवरचे अंगठे बाहेर कुठेतरी आहेत, त्यांची भीती पैशांपेक्षा जास्त. मॅडमच्या सांगण्यावरून त्याचीही लेखी तक्रार केली, आईच्या बँकेला आणि सोसायटीलाही पत्र दिलं.

नंतर मॅडम एकदा घरी आल्या. आईच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. घाई केली नाही, आधी शाळेच्या गप्पा मारल्या, मग वडिलांचं नाव घेऊन हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला त्यांच्यापासून कायदेशीर मोकळं व्हायचंय का?"

आई जरा विचारात पडली. मग मला म्हणाली, "ते जेवले का गं? भाकरी झाकून ठेव."

मॅडमनी फाइल बंद केली. आता उच्च न्यायालयात फक्त पालक म्हणून नेमणूक मागतोय, आईच्या औषधपाण्यासाठी आणि पेन्शनचे व्यवहार बघायला. डॉक्टरांचा दाखला परवा मिळेल.