रूट कॅनल केलेली दाढ घेऊन डायव्हिंग : आठ महिन्यांनंतर

खालच्या दाढेचं रूट कॅनल होऊन आठ महिने झाले. एवढ्यात 34 डाइव्ह झाल्या, बहुतेक 18 मीटरपर्यंतच्या, चार मात्र 30 मीटरच्या. दाढेने एकदाही त्रास दिला नाही.

आधीच्या दाढेने मात्र रडवलं होतं. तेव्हा उपचार अर्धवट होता, वर नुसतं तात्पुरतं सिमेंट. तशीच पाण्यात उतरले. खाली जाताना काहीच जाणवलं नाही. वर येताना, शेवटच्या पाच-सहा मीटरांत, असा ठणका उठला की मास्कच्या आत डोळे भरून आले.

कारण साधं आहे. दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटरवर हवा आकाराने निम्मी होते, 30 वर पाव. वर येताना ती पुन्हा फुगते, आणि शेवटच्या 10 मीटरांतच दुप्पट होते. दाढेतल्या फटीत शिरलेल्या हवेला तेव्हा वाट मिळाली नाही, की ती आतून रेटा देते. विमानात हा फरक पाव वातावरणाच्या आसपासच असतो, म्हणून तिथे त्रास कमी.

रूट कॅनलमध्ये मुळातल्या नळीत भरतात तो रबरासारखा पदार्थ, म्हणजे गटापर्चा, घन असतो, त्याला दाबाने फारसं काही होत नाही. खरी नाजूक जागा सीलरची, म्हणजे गटापर्चाभोवतीच्या फटी बुजवणाऱ्या पेस्टची. कालवताना त्यात बुडबुडा राहिला किंवा नळीचा एखादा कोपरा भरायचा राहिला, तर दाबाच्या चढउताराने तिथली पकड सैल होऊ शकते. काढलेल्या दातांवरच्या चाचण्यांत अशी गळती वाढलेली दिसली आहे. दाढेवर बसवतात त्या कॅपचंही तेच : ती चिकटवणाऱ्या झिंक फॉस्फेट सिमेंटची पकड कमी झाली, रेझिन सिमेंट टिकलं.

म्हणून या वेळी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत डायव्हिंगचं सांगितलं. त्यांनी भरल्यावर एक्स-रे काढून मध्ये कुठे पोकळी नाही ना ते पाहिलं, कॅप रेझिन सिमेंटने बसवली. कॅप बसेपर्यंत मी पाण्यात गेले नाही. रेझिनची एक अडचण आहे : पुन्हा उपचार करायची वेळ आली तर कॅप सहज निघत नाही. मला तो सौदा मान्य आहे.

तिसऱ्या महिन्यात वरच्या दाढा दुखल्या आणि मी घाबरले. निघालं सायनस, सर्दी असताना उतरले होते.

दुखत नाही म्हणून सील शाबूत आहे, असं मात्र मी धरत नाही. आतली नस काढलेली असते, गळती मुकाट्याने चालू राहू शकते. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत मुळाच्या टोकाजवळची काळी सावली, म्हणजे संसर्गाची खूण, लहान झालेली दिसली. पुढचा एक्स-रे वर्ष भरल्यावर.