फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड? पावसाळी गावातल्या बेस गिटारच्या तारा

बेस गिटारवर कोणत्या तारा चढवाव्यात, हा प्रश्न गिटार घेतल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पडतो. तोवर दुकानातून गिटारसोबत आलेल्या राउंडवाउंड तारांवरच हात बसलेला असतो आणि दुसरे काही असू शकते हे मनातही आलेले नसते. दोन्ही प्रकारांची बांधणी एका ओळीत सांगतो. राउंडवाउंडमध्ये गाभ्यावर गोल तारेचा वेढा असतो आणि फ्लॅटवाउंडमध्ये चपट्या पट्टीचा; हा फरक कोणत्याही वेष्टनावर छापलेला असतो. मी कोल्हापुरात चौदा वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे राउंडवाउंडवर गेली आणि गेली पाच वर्षे फ्लॅटवाउंडवर. माझ्याकडे प्रयोगशाळेतील मोजमापे नाहीत. दोन्ही घरांत राहून आलेल्या माणसाचे हे अनुभव आहेत आणि ते त्याच मापाने घ्यावेत.

राउंडवाउंडची बाजू आधी मांडतो, कारण तिचे गुण खरे आहेत आणि ते मी आजही नाकारत नाही. नव्या राउंडवाउंड सेटचा पहिला दिवस ऐकणाऱ्याला वेड लावतो. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर मिरज आहे, तिथे तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीवर हात फिरवत तारेतून सगळे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर) मोकळे करतात. नव्या राउंडवाउंडचा आवाज मला नेहमी त्या उघड्या जवारीची आठवण करून देतो. खालचा ई म्हणजे सुमारे ४१ हर्ट्‌झचा स्वर, पण त्याच्या डोक्यावर स्वरांची मोठी रांग उभी असते, आणि छोट्या स्पीकरवर किंवा मोबाइलवर ऐकणाऱ्याला बेस कळतो तो त्या रांगेमुळेच. अंगठ्याने स्लॅप वाजवायचे असेल, पिक वापरायचे असेल किंवा कॉलेजच्या मुलांच्या रॉक बँडमध्ये दोन विकृत आवाजाच्या गिटारींमधून वाट काढायची असेल, तर राउंडवाउंडला पर्याय शोधत बसू नये. १९६६ मध्ये ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टव्हिसलने रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून अशा तारांचा जो सेट घडवून घेतला, त्यानंतर बेसचा तो पियानोसारखा खणखणीत आवाज जगभर पसरला. तो आवाज हवा असणाऱ्याने पुढचे वाचून मन बदलण्याची गरज नाही.

माझी अडचण त्या आवाजाबद्दल कधीच नव्हती. तो टिकत नाही, आणि टिकत नाही तोही सगळ्या तारांवर सारख्या वेगाने नाही, ही माझी अडचण होती.

हे समजण्यासाठी माझ्या दिवसाच्या कामाचा थोडा संदर्भ द्यावा लागेल. मी शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंग मशीनवर काम करतो. आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक असते, की काही जणांचे बोट घासून चकचकीत केलेल्या जॉबला (मशीनवर घडवलेल्या धातूच्या तुकड्याला) लागले तर दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस ठसा उमटतो, आणि काहींनी तोच जॉब दिवसभर हाताळला तरी त्याला काही होत नाही. घामातील क्षारांचा तो फरक असतो. माझा हात पहिल्या प्रकारचा आहे. तयार जॉबला मी मोजे घातल्याशिवाय हात लावत नाही. बेस मात्र मोजे घालून वाजवता येत नाही. राउंडवाउंडच्या दोन वेढ्यांमध्ये जी बारीक घळ असते, तिच्यात घाम, त्वचेचा मळ आणि फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) घासून निघालेला धातूचा कीस साचत जातो. तार जागोजागी जड होते, उपस्वर विझतात आणि पुढे पुढे तर बाराव्या फ्रेटवरचा स्वरही नीट लागेनासा होतो. त्यात आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेला जो ओलावा असतो, त्याने या सगळ्याला वेगच येतो. रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना भिंतीवरून हे कळते, मला गिटारच्या तारांवरून कळत असे.

आता, तार मरते हे प्रत्येक बेसवादक जाणतो आणि तेवढ्यासाठी कोणी प्रकार बदलत नाही. मला छळणारी गोष्ट त्याहून बारीक होती. ई आणि ए या जाड तारा माझ्या हाताखाली आधी मरत, डी त्यानंतर, आणि जी मात्र बराच काळ लखलखीत राही. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी माझ्या एकाच गिटारमध्ये दोन वेगवेगळी वाद्ये असत. गाण्याची पट्टी पांढरी चार असेल आणि चाल खालच्या दोन तारांवर फिरत असेल तर आवाज गोधडीसारखा दबलेला येई, आणि त्याच गाण्याच्या अंतऱ्यात हात वर गेला की जी तार एकदम ताटलीसारखी वाजे. गायिकेने आयत्या वेळी पट्टी बदलून मागितली (आमच्याकडे ते रोजचे आहे), की सारा हिशेब उलटा होई. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा माणूस विचारायचा, की मधूनच अँपचे बटण फिरवता का. मी काहीच फिरवलेले नसायचे.

गणेशोत्सवात याचा कडेलोट होई. दहा दिवसांत सात-आठ कार्यक्रम असतात, अंगावर रेनकोट आणि पाठीवर गिटार घेऊन एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जायचे असते. उत्सवाच्या आदल्या दिवशी नवा सेट चढवला, तर पहिल्या रात्री तो ढोलकीच्या डाव्या पुडीवर आणि ऑक्टोपॅडवरही चढून बसे. तिसऱ्या रात्री तो मला हवा तसा असे. सहाव्या रात्री ई तार निघून गेलेली असे. काल बसवलेले आवाजाचे गणित आज लागू पडत नसे. एका वर्षी मी केवळ ई तार बदलून पाहिली. जुन्या कौलांत एकच नवे कौल बसवल्यावर जसे दुरून उठून दिसते, तशी ती एकटी कार्यक्रमभर उठून ऐकू येत राहिली. त्या रात्री घरी येऊन मी ठरवले की मला उत्तम आवाज एक दिवस नको, बरा आवाज रोज हवा.

उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने चिमटीत धरून पुसणे हा खरोखर उपयोगी उपाय आहे आणि तो दोन्ही प्रकारांसाठी सांगेन. तारा काढून उकळत्या पाण्यात घालणे, किंवा झाकणाच्या नळीत स्पिरिट भरून त्यात रात्रभर ठेवणे, याने त्यांच्यात प्राण परत येतो. पण तो आठवडाभराचा असतो, आणि पावसाळ्यात उकळलेली तार पूर्ण वाळली नाही तर आतल्या गाभ्यापासून गंजायला लागते. शिवाय एकदा खुंटीवर वळलेली तार पुन्हापुन्हा सोडून बांधली की तिथेच तुटण्याची भीती असते. पातळ लेप दिलेल्या राउंडवाउंड तारा मिळतात, त्या मी दोन वेळा वापरल्या. त्या निश्चित जास्त टिकल्या, परंतु उजव्या हाताची बोटे जिथे पडतात तिथला लेप विरून त्याचे धागे निघू लागले, आणि किंमत तर फ्लॅटवाउंडच्या जवळ पोहोचली होती. ज्यांचा हात कोरडा आहे त्यांचे या तारांवर उत्तम भागेल असे मला वाटते.

फ्लॅटवाउंड चढवल्यावरचा पहिला आठवडा मला आवडला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाईने कोणी त्या काढून टाकणार नाही. नव्या फ्लॅटवाउंडमध्ये एक पत्र्यासारखी टणक छटा असते आणि बोटाला ती पट्टी किंचित चिकटल्यासारखी वाटते. तीन-चार आठवड्यांत दोन्ही जाते. आमच्या भाषेत सांगायचे तर राउंडवाउंड म्हणजे आटे पाडलेला शाफ्ट आणि फ्लॅटवाउंड म्हणजे ग्राइंड करून काढलेला शाफ्ट; दुसऱ्यावर मळाला बसायला जागा फार कमी मिळते. पण टिकण्याचे मुख्य कारण मला वेगळे वाटते. या तारेच्या आवाजात वरचे उपस्वर मुळातच कमी असतात, म्हणून ते गेल्याचे जाणवतही नाही. चारही तारा एका घरच्या वाटतात, आणि आजचा आवाज पुढच्या महिन्यात तसाच मिळतो.

मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन आपल्या फेंडर प्रिसिजन या बेस गिटारवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत असे आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसे, हे बेसवादकांमध्ये सर्वश्रुत आहे. पूर्वी मला तो त्याचा हट्ट वाटे. आता त्यामागचे शहाणपण थोडे कळते, कारण तार स्थिर असली की वादकाचे सारे लक्ष बोटावर येते. उपस्वर कमी झाल्याने आवाज आखूड आणि गोल होतो, स्वराचा ठोका लागतो आणि तो बाजूला होतो. भावगीतात तबल्याच्या डग्ग्याला आणि लावणीत ढोलकीला त्यामुळे जी मोकळीक मिळते, ती राउंडवाउंडवर मला तळहाताने तारा दाबून मिळवावी लागत असे. शाहू स्मारक भवनात भावगीतांच्या कार्यक्रमाला वाजवताना हात एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकला की तारेवर उमटणारी ती चिरचिर, जी शांत सभागृहात तिसऱ्या रांगेपर्यंत जाते, तीही गेली. फ्लॅटवाउंड म्हणजे जुन्या गाण्यांचीच तार, असेही कोणी समजू नये. आयर्न मेडन या बँडचा स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर हेवी मेटल याच तारांवर वाजवत आला आहे.

तोटे आहेत. मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात माझा बेस पूर्वीपेक्षा कमी ऐकू येतो, आणि मंडळाच्या ध्वनिव्यवस्थेत मोठे बेसचे खोके नसतील तर समोरच्या गर्दीलाही तो कमीच पोहोचत असावा. स्लॅपचा तो तडका येत नाही. येतो तो केवळ ठोका. किंमत साधारण दुप्पट पडते आणि कोल्हापुरात हवा तो सेट तयार मिळेलच असे नाही, तो पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. मी मात्र राउंडवाउंडचे वर्षाला चार सेट लावत होतो, आणि आताचा सेट तिसऱ्या वर्षात आहे.

अदलाबदल करताना एका गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग दोष तारेला देतात. त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंडमध्ये वेढ्यांमधली पोकळी भरलेली असल्यामुळे धातू जास्त असतो, म्हणून त्याच स्वराला ती तार सहसा जास्त ताणावी लागते. (कमी ताणाचे फ्लॅटवाउंड सेटही निघतात, ते हाताला मऊ लागतात, पण त्यांतले काही आणखी महाग असतात.) वाढलेल्या ताणाने नेक, म्हणजे गिटारचा दांडा, पुढे वाकतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि नेक जिथे शरीराला मिळतो तिथे ई तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती घातली, तेव्हा माझ्या गिटारवर पूर्वी ०.३० मिलिमीटरची पाती अलगद जात होती आणि नव्या तारांवर ०.५० ची जाऊ लागली. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरवल्यावर एक रात्र जाऊ द्यावी, कारण लाकूड सावकाश बसते. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची मी सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास ठेवली आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागतो का ते, पाहिले. क्रम उलटा केला तर सगळे दोनदा करावे लागते. नटच्या (खुंट्यांजवळ तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असेल तर खाच स्वतः कानशीने रुंद करू नका. तिथे गेलेले पाव मिलिमीटर परत येत नाही, ते काम जाणकाराकडे द्यावे. तार कापण्यापूर्वी खुंटीपुढे दहा-बारा सेंटीमीटर राखून ती काटकोनात घट्ट मोडावी आणि मोडलेल्या जागेच्या पुढे कापावी, नाहीतर वेढा गाभ्यावरून सुटतो आणि इतका महाग सेट पहिल्याच दिवशी बोदा होतो.

निवड करताना स्वतःच्या हाताची परीक्षा आधी करावी, असे मी सुचवेन. वाजवून झाल्यावर तारा न पुसता गिटार चार दिवस ठेवून द्या आणि नंतर पांढरे फडके ई तारेवरून फिरवा. फडके स्वच्छ निघाले तर राउंडवाउंड तुम्हाला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त साथ देतील आणि त्यांचा उजळपणा सोडण्याचे कारण उरत नाही. तांबूस रेघ उमटली, कार्यक्रम पावसात आणि नवरात्रात जास्त असतील आणि सोबतीला ढोलकी-तबला असेल, तर मी फ्लॅटवाउंडकडे झुकेन. गिटार नवी घेण्याची गरज नाही. टोनचे बटण पूर्वी अर्ध्यावर असेल तर आता ते पूर्ण उघडावे, कारण फ्लॅटवाउंडकडे जे थोडे उपस्वर असतात ते बंद करून ठेवण्यात अर्थ नाही.

माझ्या जुन्या, हलक्या गिटारवर आजही राउंडवाउंड आहेत. कॉलेजच्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी बोलावले की आदल्या रात्री त्यावर नवा सेट चढवतो, दुसऱ्या दिवशी मनापासून वाजवतो, आणि घरी आल्यावर तारा पुसून, सैल करून, गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवतो. मोठ्या गिटारवरच्या फ्लॅटवाउंड तारांवरून त्याच रात्री फक्त फडके फिरते.