असेंबल्ड पीसीवर विंडोज ११ की लिनक्स मिंट?

सुटे भाग आणून जोडलेला पीसी कधी पूर्ण होत नाही. आज रॅम वाढते, उद्या प्रोसेसर बदलतो, मध्येच मदरबोर्डचं नवं बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) येतं. विंडोज आणि लिनक्सवर आधारलेली मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम, यांपैकी अशी छेडछाड कोण निमूट सोसतं, हे मला वेगापेक्षा आणि दिसण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

टॅली, फोटोशॉप किंवा श्रीलिपीवर रोजचं काम असेल, किंवा घरात कोणी व्हॅलोरंट खेळत असेल, तर विंडोज टाका आणि मोकळे व्हा. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालत नाही, तिथे जुगाड नाही. स्टीमवरचे बरेच गेम मात्र प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) मिंटवर नीट चालतात. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे, त्यामुळे मराठी टायपिंगवरून निवड अडू नये. विंडोज १० चा विचार सोडाच. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

विंडोज ११ टाकताना पहिली अडचण इंटरनेटची. सेटअप मायक्रोसॉफ्ट खातं मागतो, खात्यासाठी नेट लागतं, आणि नव्या बोर्डाच्या लॅन-वायफायचा ड्रायव्हर बहुधा पेन ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये नसतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की सहसा भागतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेलं विंडोज ११, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की, डेस्कटॉपवरही डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, म्हणजे डेटाला कुलूप लावतं. कुलपाची किल्ली टीपीएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-भागात, राहते आणि हा टीपीएम एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरच्या बोर्डांवर वेगळी चिप नसून फर्मवेअरचाच (बायोससोबतच्या सॉफ्टवेअरचा) भाग असतो, म्हणून त्याला एफटीपीएम म्हणतात. प्रोसेसर बदलला किंवा बायोस अपडेट केलं की काळ्या पडद्यावर प्रश्न येऊ शकतो: एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? घाईत वाय दाबलं की निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून पाहता येते. पण खातं भावाच्या नावाने उघडलेलं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, असं असेल तर डेटा गेला. म्हणून बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. लॅपटॉपला ही सोय ठीक आहे. टेबलावरच्या, सतत उघडल्या जाणाऱ्या पीसीला ती जाच वाटते, आणि माझं पारडं तिथेच मिंटकडे झुकलं.

मिंटमध्ये एन्क्रिप्शन तुम्ही मागितलं तरच होतं. पासफ्रेज (लांब पासवर्ड) तुमच्या डोक्यात, टीपीएमशी संबंध नाही. बोर्ड बदलला तरी तीच एसएसडी लावून मिंट बहुधा चालू होतं. ओईएम विंडोजचं (यंत्रासोबत विकलं जाणारं) लायसन्स मात्र जुन्या बोर्डालाच बांधलेलं राहतं.

मिंटही निर्धोक नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची नोंद) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला तर ड्रायव्हर लोड होत नाही. बायोस अपडेटने ही नोंदही कधी पुसली जाते, पण त्यात फाइली अडकत नाहीत. एएमडीच्या कार्डाला हे काहीच नाही. फक्त अगदी नवं कार्ड असेल तर मिंटच्या २२ मालिकेतली ताजी आवृत्तीच घ्या. या मालिकेचा सपोर्ट एप्रिल २०२९ पर्यंत आहे. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, मिंट चालवून वायफाय, आवाज आणि स्लीप आधी तपासता येतं, ही सोय विंडोजच्या सेटअपमध्ये नाही.

दोन्ही हवेत तर दोन एसएसडी घ्या. विंडोज टाकताना दुसरी काढून ठेवा, नाहीतर ते आपला बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) तिच्यावर टाकून बसू शकतं. मिंट वापरून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरी बदलायला धावू नका: मिंट बोर्डावर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं.