नकाशावरचा सराव की रंगीत तालीम? बडोद्यातल्या मंडळांसाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, मगरी वस्तीत शिरल्या. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या एखाद्या गणेश मंडळाला आता अशा पुरात मदतीसाठी आपले कार्यकर्ते तयार करायचे असतील, तर हाताशी असतात मोजके रविवार आणि वर्गणीतून उरलेले थोडे पैसे. ते कशावर घालवायचे?

पहिला पर्याय नकाशावरचा, म्हणजे टेबल-टॉप सराव. गल्लीचा हाताने काढलेला नकाशा मध्ये ठेवून दहा-बारा जण बसतात. एक जण प्रसंग सांगतो: रात्रीचे अकरा, आजव्याच्या धरणाचं पाणी सोडलंय, वीज गेली. दर दहा मिनिटांनी नवी अडचण: पूल बंद, फोनला रेंज नाही, तळमजल्यावरच्या आजोबांचं ऑक्सिजन मशीन थांबलं. खर्च फक्त चहाचा, पण गोंधळ लगेच उघडा पडतो. तिघे आजोबांकडे धावतात आणि मागच्या वाड्यातल्या बाळंतिणीकडे कुणीच जात नाही! कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, किल्ली कुणाकडे, ही यादी इथेच तयार होते.

मात्र यात हात शिकत नाहीत. जुन्या वाड्याचा अरुंद लाकडी जिना घ्या. आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवताना त्याचं तोंड उताराकडे ठेवायचं. एक जण मागून खुर्चीची पाठ धरतो, दुसरा तिचे पुढचे पाय धरून उलटा उतरतो आणि तिसरा त्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या मोजत राहतो. वळणावर खुर्ची अडते. ती कशी तिरकी करायची, हे उचलल्याशिवाय कळत नाही. सीपीआरचंही, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचंही, तेच. मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान ५ सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत दंड भरून येतात. यासाठी दुसरा पर्याय, म्हणजे सगळं प्रत्यक्ष करून पाहण्याची रंगीत तालीमच हवी.

मोठी, जाहीर तालीम मात्र मी मंडळाला सुचवणार नाही. परवानग्या, रुग्णवाहिका, पाहुणे यांतच दिवस जातो आणि सगळं आधी ठरलेलं असल्यामुळे कुणी चुकत नाही. ते काम प्रशासनाचं. आणि नदीत सराव अजिबात नको. दोर फेकण्याचा सराव मैदानावर करा. वाहत्या पाण्यातली सुटका अग्निशमन दल आणि जरोदच्या एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) सहाव्या बटालियनवर सोडा.

माझं मत असं: आधी दोन रविवार नकाशावर, मग एकाच वाड्यात, संध्याकाळी दिवे बंद करून, छोटी तालीम. सीपीआर मात्र प्रशिक्षित माणसाकडूनच आणि सरावाच्या पुतळ्यावरच शिका. तालमीत आजारी माणसाऐवजी आधी वाळूची पोती खुर्चीला बांधा. संपल्यावर अर्धा तास बसून कुठे अडलं ते लिहून काढा. हा अर्धा तास गाळलात तर तालीम वाया गेली म्हणून समजा.

एक-दोघांना वेळ असेल तर आपदा मित्र या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतंय का, याची जिल्हाधिकारी कचेरीत चौकशी करा. ते शिकून आलेला कार्यकर्ता पुढच्या वर्षी बाकीच्यांना शिकवू शकतो.