घर विकून की घर ठेवून? शिडाच्या बोटीवर राहायला जाण्याआधीचा नाशिकचा हिशेब

गोदावरी त्र्यंबकला उगवते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आम्हा नाशिककरांचंही समुद्राशी तसंच. कसारा उतरून बघून येतो, राहायला जात नाही. म्हणून गंगापूर रोडवरच्या ओळखीच्या एका दादा-वहिनींनी "फ्लॅट विकून शिडाची बोट घ्यायची म्हणतोय," असं सांगितलं, तेव्हा हातातला चहा निवेपर्यंत मी गप्प होते. दोघं पन्नाशीतले. मुलगी नोकरीला लागलेली, कर्ज फिटलेलं.

मला विचारायचं कारण एवढंच, की मी आणि नवऱ्याने तीन हंगाम एका मित्राच्या ३२ फुटी बोटीवर काढलेत. जगप्रदक्षिणा वगैरे नाही. मुंबई ते गोवा आणि परत, मध्ये जयगड, विजयदुर्ग, देवगड. पुढचं सगळं त्या अनुभवावरून.

पाणी

फ्लॅटमध्ये पाण्याचा विचार टाकी ओसंडली की होतो. बोटीवर सकाळी डोळा उघडल्यापासून होतो. आमच्या बोटीच्या टाकीत २०० लिटर गोडं पाणी मावायचं. दोघांनी जपून वापरलं तर दिवसाला २० ते २५ लिटर, म्हणजे आठ-दहा दिवस. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळ तांब्याने. केस धुणं हा सणाचा कार्यक्रम. चांदवड-येवल्याकडे ज्यांचं बालपण टँकरची वाट बघण्यात गेलं, त्यांना हे मुळीच जड जाणार नाही. शॉवरखाली उभं राहून विचार करणाऱ्यांना जाईल.

आणि खालचं पाणी. नाशिकला पूर मोजायची आपली पट्टी म्हणजे गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, मानेपर्यंत आलं. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी आपण ही चौकशी करतो. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तोही दिवसातून दोनदा. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून नांगर टाकला, तर भरतीला ते सात होणार. त्यात पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतचा, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतचा, एक मीटर धरायचा, म्हणजे आठ. साखळी त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर सोडायची. हा गुणाकार चुकला तर रात्री दोनला बोट खडकाकडे सरकत असते आणि तुम्ही झोपेत असता. पहिल्या हंगामात मी रात्रीतून तीनदा उठून किनाऱ्यावरचे दिवे जागच्या जागी आहेत का ते बघायची. तिसऱ्या हंगामात एकदाच.

दुरुस्ती, म्हणजे द्राक्षबाग

लोक बोटीची तुलना घराशी करतात, तिथेच फसतात. घर चार वर्षं दुर्लक्षित ठेवलं तर रंग उडतो. बोट ही द्राक्षबाग आहे. माझं माहेर दिंडोरीकडचं, त्यामुळे हे मला लवकर कळलं. छाटणीची तारीख चुकवता येत नाही, फवारणी उद्यावर टाकता येत नाही, अवकाळी आला की रात्रीचं बागेत पळायचं. बोटीला डाऊनी या बुरशीरोगाऐवजी खारं पाणी असतं, एवढाच फरक.

बुडाला शेवाळ आणि कठीण कवचाचे जीव चिकटतात, वेग मरतो. म्हणून बोट बाहेर काढून खरवडायची आणि विषारी रंगाचा हात द्यायचा, बहुतेक दर वर्षी. पाण्याखालच्या धातूच्या भागांना गंजापासून वाचवायला जस्ताचे तुकडे लावतात. ते आधी झिजतात आणि बाकीचे वाचतात, पण वेळेवर बदलले तरच. इंजिनात समुद्राचं पाणी ओढणारं छोटं रबरी चक्र असतं, इम्पेलर. हाताच्या तळव्यात मावेल एवढं. ते फाटलं की इंजिन तापून बंद, आणि नेमकं बंदराच्या तोंडाशी. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांत बदलायच्या. शिडं उन्हाने विरतात. बोटवाल्यांत ढोबळ हिशेब असा, की बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षी तिच्यावरच जातो. जुन्या स्वस्त बोटीवर त्याहून जास्त.

फ्लॅटमध्ये नळ गळला की प्लंबरला फोन जातो, तो "येतो" म्हणतो आणि येत नाही. बोटीवर तो निदान वेळेवर हजर असतो, कारण तो तुम्हीच असता. दादा अंबडला कारखान्यात मेंटेनन्स बघायचे. त्यांच्या निर्णयात मी याला बँकेतल्या शिलकीपेक्षा जास्त वजन दिलं.

स्वयंपाकघरात एक गोष्ट मात्र घरच्या सवयीने करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडतो, तो बाहेर जातो. बोट म्हणजे खालून बंद भांडं, गॅस तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेर, वेगळ्या कप्प्यात, आणि स्वयंपाक झाला की तिथलीच तोटी बंद. मिसळीचा रस्सा उकळत ठेवून वर गप्पा मारायला जायचं नाही.

पैसा

परदेशात ३०-३२ फुटी जुनी फायबरची बोट चांगल्या मोटारीच्या किमतीत मिळते, हे खरं. ती भारतात आणायची म्हटलं की सीमाशुल्क लागतं आणि त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून खासगी सहलीच्या बोटींवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. म्हणून काहीजण बोट जिथे घेतात तिथेच फिरवतात. रोजचा खर्च नाशिकपेक्षा कमीही होऊ शकतो, कारण नांगरावर भाडं नसतं आणि खरेदीला दुकान नसतं. पण आपल्या किनाऱ्यावर मरीना, म्हणजे खासगी बोटींचे धक्के, मोजक्याच, कोचीची त्यातली ठळक. धक्क्याला बोट बांधून वीज-पाणी जोडलं, असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका.

अंतर आणि आजारपण

अशी बोट ताशी पाच सागरी मैल जाते, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर. नाशिक-मुंबई अंतर या वेगाने १८-१९ तासांचं. सासूबाईंचा रात्री फोन आला, "छातीत दुखतंय," तेव्हा आम्ही देवगडला होतो. बोट नांगरावर मित्राच्या भरवशावर सोडून एसटी, मग रेल्वे, मग टॅक्सी. पोहोचायला दुसरी संध्याकाळ झाली. त्या बऱ्या आहेत. पण शेजारच्या खोलीत असणं आणि दुसऱ्या संध्याकाळी असणं, यातला फरक कुठल्याच हिशेबाच्या वहीत बसत नाही. आईवडील ऐंशीच्या पुढे असतील तर हा मुद्दा आधी वाचा, बाकीचे नंतर.

तुमचं स्वतःचं दुखणं ही वेगळी गोष्ट. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलातला कसलेला माणूस. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली आणि मदत पोहोचेपर्यंत तीन दिवस ते बोटीतच पडून होते. २०२२ ची शर्यत त्यांनी पुन्हा केली आणि दुसरे आले, पण तो त्यांचा पिंड. किनाऱ्याजवळ तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे, रेडिओवर मदत मागायला चॅनेल १६ आहे. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं मात्र आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशातून स्वस्तात आणला आणि बोटीत ठेवला, असं करू नका.

दोघांत कोणाला जायचंय?

नोव्हेंबर ते मार्च कोकणात शाळेतल्या भूगोलासारखं हवामान असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा. पहाटे निघायचं, दुपारी वारा चढला की बंदर गाठायचं, चारनंतर भाकरी. हे सुख मी नाशिकला कधी भोगलेलं नाही.

पण रात्रीचा प्रवास आला की एक जण जागा, एक झोपलेला. तीन-तीन तासांच्या पाळ्या. म्हणजे नवराबायको २४ तास दोन खोल्यांएवढ्या जागेत असूनही एकमेकांना फक्त पाळी बदलताना भेटतात. जयगडच्या बाहेर एका रात्री आमच्या बोटीखालच्या पंख्यात दिवा नसलेलं जाळं अडकलं. तेव्हा पाळीवर मी होते. इंजिन बंद केलं, शिडावर कसंबसं आत आलो, उजाडल्यावर नवरा सुरी घेऊन पाण्यात उतरला. ज्याचं जाळं होतं त्याला आम्ही भरपाई दिली, ती रास्तच होती. भांडण झालं ते "तुला दिसलं कसं नाही" यावरून, आणि ते विजयदुर्गपर्यंत पुरलं. घरात भांडलं की माणूस कॉलेज रोडला चक्कर मारून येतो. बोटीवर फार तर नाळेपाशी जाऊन बसतो.

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला जगाला वळसा घालून परतल्या. बोटीवर दोघीच. पण दोघींनाही जायचं होतं. मी पाहिलेल्या बहुतेक जोडप्यांत एकाला जायचं असतं आणि दुसऱ्याला त्याचं मन मोडायचं नसतं. वहिनींना मी हे स्वयंपाकघरात वेगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "मला समुद्र आवडतो गं, पण माझी तुळस कुठे ठेवू?" मी हसले नाही.

चातुर्मास

विकावं की ठेवावं याचा निकाल माझ्या मते पावसाळाच देतो. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर छोट्या शिडाच्या बोटीला जागा नाही. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, कोळी नारळीपौर्णिमेला नारळ वाहून निघतात. वादळांचा धोका मे महिन्यापासूनच. तौक्ते मे २०२१ मधलं, निसर्ग ३ जून २०२० चं. म्हणजे मेच्या मध्याला बोट पाण्याबाहेर आणि ऑक्टोबरला पुन्हा आत. नेमकी द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या सुमारास, बघा. एरवी गावोगाव फिरणारा साधूही चातुर्मासात एका जागी थांबतो, ते उगीच नाही.

आणि ते चार महिने नाशिक सोडायचं तरी कशाला? अंजनेरी हिरवी होते, गंगापूर धरण भरतं. फ्लॅट विकलात तर याच दिवसांत भाड्याची खोली शोधत फिराल. परदेशी निघून पावसाळा चुकवायचा म्हटलं तर आपल्या पासपोर्टवर व्हिसाचं वेळापत्रक वाऱ्याच्या वेळापत्रकाशी जुळवावं लागतं. युरोपच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० च दिवस, आणि विमानाचं परतीचं तिकीट दाखवा म्हणणाऱ्या खिडकीवर "बोटीने जाणार" हे उत्तर चालत नाही.

म्हणून दादांना सांगितलं, फ्लॅट ठेवा. दोन हंगाम कोणाच्या तरी बोटीवर हात द्या किंवा भागीत जुनी बोट घ्या, सात-आठ महिने तिकडे, चार-पाच महिने इकडे. हे उत्तर त्यांना मिळमिळीत वाटलं. सगळं फुंकून निघण्यात जी नशा आहे ती यात नाही, कबूल. सासूबाईंचा फोन आला नसता तर कदाचित मीही वेगळं बोलले असते.

त्याच्याही आधी एक काम. डिसेंबरातल्या एखाद्या दिवशी सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरा, मुंबईत शिडाच्या बोटीवर शिकवणाऱ्या क्लबात नाव आधीच घालून ठेवा आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात तीन तास काढा. दोघांनीही. बोट हलत असताना खाली केबिनमध्ये वाकून एक कांदा चिरून बघा. लासलगावचाच घेऊन जा. वर आल्यावर कोणाचा चेहरा कसा आहे ते एकमेकांना खरं सांगा, आणि मग फ्लॅटच्या एजंटाला फोन करायचा की नाही ते ठरवा.