डिजिटल वजनकाटा, सहा महिने वापरून: उपवास चालू, वजन अडलेलं आणि काटा रोज समोर

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. काटा घरी आल्या आल्या लिहिला असता तर पाच स्टार दिले असते, मे महिन्यात लिहिला असता तर एकही दिला नसता, आता ऑगस्टमध्ये साडेतीन देतेय आणि का ते नीट सांगते. इंटरमिटंट फास्टिंग करणाऱ्याला ह्या काट्याचा सगळ्यात जास्त उपयोग अन् सगळ्यात जास्त त्रास एकाच काळात होतो, वजन उतरायचं हळू पडतं तेव्हा. आणि त्या काळाबद्दल विकणारे काहीच सांगत नाहीत.

आधी माझं थोडक्यात. वय ४६, उंची १५८ सेंटीमीटर, राहायला त्रिमूर्ती नगर, सकाळच्या शाळेत शिकवते. जानेवारीत ८२.४ किलो होते, तेव्हा १६:८ सुरू केलं, सोळा तास उपाशी आणि उरलेल्या आठ तासांतच खायचं, म्हणजे शाळेतून आल्यावर साडेबाराला पहिलं जेवण आणि रात्री साडेआठला शेवटचा घास. आपल्या नागपूरकरांना तसं दोनदाच जेवायचं नवीन नाहीये, डॉ. श्रीकांत जिचकार आपल्याकडचेच, त्यांनी भाषणांतून ही गोष्ट सांगितली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर नेली, दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, वर ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. माझे सासरे ते करायचे, त्यामुळे आमच्या घरी "उपाशी काहून राहते" असं कोणी म्हटलं नाही, उलट सासूबाईंनी स्वतःहून सकाळचा नाश्ता माझ्यापुरता बंद केला. तेवढ्यासाठी मी त्यांची फार ऋणी आहे, कारण घरात गरम पोह्यांचा वास सुटलेला असताना कोणी आग्रह न करणं ही केवढी मदत असते ते उपवास करणाऱ्यालाच कळतं.

काटा फेब्रुवारीत मागवला, ऑनलाइन, साधारण सोळाशेला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ह्या किमतीतले बहुतेक काटे एकाच पद्धतीने चालतात. वर काच, काचेवर चार चकचकीत पट्ट्या, खाली चार पाय आणि प्रत्येक पायात वजन मोजणारा एक सेन्सर, ब्लूटूथने मोबाइलमधल्या अॅपला जोडतो, तीन छोटे सेल लागतात आणि माझे पहिलेच सेल अजून चालू आहेत. दिसायला छान आहे, पुसायला सोपा. पण तो ठेवायचा कुठे हे महत्त्वाचं, फरशीवरच ठेवा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर आकडा भलताच येतो, आणि जागेवरून हलवला की आधी एकदा पायाने दाबून शून्य होऊ द्या आणि मगच उभे राहा. खरा आहे की नाही ते तपासायला मी पाच किलोची कणकेची बंद पिशवी घेऊन उभी राहिले आणि नंतर पिशवीशिवाय, फरक ५.० आला, दुसऱ्यांदा ५.१. वजनाच्या बाबतीत काटा चोख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली मला एप्रिलच्या शेवटी कळली. सलग चार दिवस ७५.२, ७५.२, ७५.२, ७५.२. माणसाचं वजन असं राहतच नाही, आदल्या रात्री वरण-भात खाल्ला की दोन पोळ्या खाल्ल्या एवढ्यानेही सकाळी फरक पडतो. मग मी पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन उभी राहिले, वजन वाढून आलं, बाटली ठेवली आणि परत उभी राहिले तर ७४.८! म्हणजे हा काटा आधीचा आकडा लक्षात ठेवतो आणि नवीन आकडा त्याच्या जवळपास असला की जुनाच दाखवतो, लोकांना वाटावं की काटा किती स्थिर आहे. ज्याचं वजन भराभर उतरतंय त्याला ह्याने काही होत नाही. पण ज्याचं आठवड्याला दोनशे ग्रॅमने उतरतंय त्याला हा काटा "काहीच झालं नाही" असं सांगत राहतो, आणि तेही नेमकं अशा दिवसांत जेव्हा माणूस सोडून द्यायच्या बेतात असतो. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, रागाने नाही, इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होते म्हणून. आता रोज आधी बाटली घेऊन उभी राहते आणि मग रिकाम्या हाताने. तुमच्याकडे असा काटा असेल तर आजच हे करून बघा.

दुसरी तक्रार फॅट पर्सेंटेजची. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं आणि सगळ्यात कमी भरवसा त्याचाच. काचेवरच्या पट्ट्यांतून अगदी बारीक करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, शरीरात पाणी किती त्यावरून तो कमी-जास्त अडतो, आणि त्या अडण्यावरून, उंची, वय, वजन धरून अॅप चरबीचा अंदाज बांधतं. करंट मुख्यतः पायांतून फिरतो, वरच्या अंगाचं सगळं अंदाजानेच. आता नागपूरचा मे डोळ्यासमोर आणा, ४५ डिग्री, रात्री कूलर लावूनही अंग चिकट, घामाने पाणी गेलेलं. सकाळी ३८.९ टक्के, चार ग्लास पाणी पिऊन दुपारी ३७.४. चार तासांत दीड टक्का चरबी कोणाची जात नाही हो. मी तो आकडा बघणंच सोडलं. आणि पेसमेकर असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी हे फॅटचं फंक्शन वापरायचं नसतं, माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता मुख्य गोष्टीवर येते.

जानेवारी ते मार्चअखेर माझं सव्वासहा किलो उतरलं. पहिल्या तीन आठवड्यांतच तीन, आणि त्यातलं बरंचसं पाणी होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, शरीरात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजन, ते स्वतःच्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं, खाणं कमी झालं की दोन्ही जातात. पण मी तोच वेग मनात धरून बसले. मग एप्रिलपासून काटा हलेना. तेवढाच उपवास, तेवढीच भूक, आणि आकडा पंचाहत्तरच्या आसपास. सासूबाई रोज प्रेमाने विचारायच्या, "काटा काय म्हणते आज?", आणि मला त्या प्रश्नाचीच भीती वाटायला लागली. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा, असं तीनदा वजन करत होते. एकदा शनिवारी पाहुण्यांसोबत सावजीत जाऊन आलो, रस्सा, भाकरी, भरपूर मीठ आणि तेल, रविवारी सकाळी १.४ किलो जास्त! मी त्या दिवशी बुधवारपर्यंत एकवेळच जेवायचं ठरवलं आणि सोमवारी वर्गात फळ्यासमोर चक्कर आली. त्या संध्याकाळी माझ्या मुलीने काटा उचलून दिवाणात ठेवून दिला आणि म्हणाली, "आई, पंधरा दिवस तू ह्याला भेटायचं नाही." ती बारावीत आहे. माझ्यापेक्षा जास्त समजूतदार निघाली.

त्या पंधरा दिवसांत मी वाचलं आणि खरं सांगते, वाचल्यामुळेच टिकले. वजन कमी झालं की शरीरच लहान झालेलं असतं, लहान शरीराला चालायला, जिना चढायला, नुसतं बसायलाही कमी ऊर्जा लागते, म्हणून जे जेवण ८२ किलोवर कमी पडत होतं तेच ७५ वर जवळजवळ पुरतं. त्यात आपण नकळत हालचालही कमी करतो. अमेरिकेत वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, २०१६ मध्ये ते छापून आलं, त्यांचं शरीर नुसतं बसल्या-बसल्या अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते अगदी टोकाचं उदाहरण, त्यांनी अघोरी वेगाने प्रचंड वजन घटवलं होतं, आपलं तसं होत नाही, पण शरीर सावरून घेतं ही गोष्ट खरी. म्हणजे काटा अडला ह्याचा अर्थ मी आळशी झाले असा होत नव्हता.

दुसरं वाचलं ते जास्त झोंबलं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०२२ ला आला, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच मोजून दिल्या, फक्त एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं. वर्षाच्या शेवटी वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो गेलं, दुसऱ्यांचं ६.३, आणि तो फरक ठोस म्हणण्याइतका निघाला नाही. म्हणजे घड्याळ जादू करत नाही, घड्याळामुळे खाणं कमी होतं म्हणून वजन जातं. मग मी माझे आठ तास प्रामाणिकपणे लिहून काढले. जानेवारीत त्या आठ तासांत दोन जेवणं आणि एक फळ होतं. मे मध्ये दोन जेवणं, चारचा साखरेचा चहा, चहासोबत कच्चा चिवडा मूठभर, तपासायच्या वह्या घेऊन बसले की शेंगदाणे, आणि सव्वाआठला "आता उद्या साडेबारापर्यंत काही नाही" म्हणून भीतीने खाल्लेली एक संत्रा बर्फी. सगळं वेळेच्या आत. अॅप रोज वेळ पाळल्याची हिरवी टिक देत होतं आणि मी त्या टिकवर विश्वास ठेवत होते.

चिवडा आणि बर्फी रविवारपुरती केली, दुपारच्या जेवणात एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ वाढवली, आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंसोबत बागेत चालणं सुरू केलं, दोघी असलो की एकीला कंटाळा आला तरी दुसरी ओढून नेते. एवढंच. दुसरा-तिसरा काही उपाय नाही.

पंधरा दिवसांनी काटा दिवाणातून बाहेर आला तो मुलीच्या अटीवर, दिवसातून एकदाच, सकाळी संडास झाल्यावर, पाणी प्यायच्या आधी, आणि आकड्याबद्दल त्या दिवशी काही बोलायचं नाही. रविवारी सात दिवसांचे आकडे मिळवून सातने भागायचे आणि फक्त ती सरासरी फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. जूनच्या चार रविवारी ७५.३, ७५.१, ७४.९, ७४.६ आलं. रोजचे आकडे बघाल तर त्यात ७६ पण आहे, ७४ पण आहे, पाळीच्या आधीचे चार दिवस तर सगळे वरच. रोजच्या आकड्यांत मला कधीच काही दिसलं नसतं, सरासरीत सातशे ग्रॅम गेलेले स्पष्ट दिसले. अॅपमध्ये ग्राफ आहे पण तो एकेक दिवसाचे टोकं दाखवतो, आठवड्याची सरासरी दाखवत नाही, अर्धा स्टार मी ह्याच्यासाठी कापलाय. बाकीचा एक स्टार काटा जुना आकडा लक्षात ठेवून फसवतो त्याच्यासाठी.

सीताबर्डीच्या बाजारात शिलाईच्या सामानाच्या दुकानातून वीस रुपयांचा टेप आणला, महिन्यातून एकदा कंबर मोजते. मार्चअखेर ९६ सेंटीमीटर, जूनअखेर ९२, म्हणजे ज्या काळात मी "काहीच होत नाहीये" म्हणून रडत होते त्याच काळात चार सेंटीमीटर गेले होते. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत असावी म्हणतात, पुरुषांसाठी ९०, तेव्हा रस्ता अजून लांब आहे. पण सोळाशेचा काटा आणि वीसचा टेप ह्यातलं एकच घ्यायचं असेल तर मी टेप घ्या म्हणेन.

घ्यायचा असेल तर ब्लूटूथ, फॅट वगैरे नसलेला साधा काटा घ्या, पाचशे-सातशेत येतो, सरासरी वहीत काढता येते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, शुगर खाली जाते, हे काट्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आणि ज्यांचा आकडा बघून दिवसच्या दिवस खराब जातो त्यांनी काटा घरात आणूच नये असं मला मनापासून वाटतं, महिन्यातून एकदा मेडिकलमध्ये वजन करा, चालेल.

गेल्या रविवारची माझी सरासरी ७२.३. आता महालक्ष्म्या येतायत, आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं साग्रसंगीत असतं आणि मी ते सगळं वाढणार आणि जेवणारही. तेवढे चार दिवस काटा परत दिवाणात जाईल. सासूबाईंनीच सांगितलंय, "देवी जेवल्यावर चार दिवसांनी काढजो."