केफिर: दिवाळीपासून मेपर्यंत नागपुरात वापरल्यावर

केफिर म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंच्या जिवंत दाण्यांनी आंबवलेलं पेय. दुधाचं केफिर पातळ दह्यासारखं, पाण्याचं साखरेच्या पाण्यातलं, आणि दोन्हींचे दाणे वेगळे. माझ्या पाण्याच्या केफिरचे दाणे मेले आणि विकणाऱ्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला, म्हणून हे लिहायला घेतलं. दुधाच्या केफिरबद्दल बरंच चांगलं सांगायचं आहे, पण आधी ही तक्रार.

दाण्यांच्या पुडीसोबत छापील कार्ड आलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'फक्त आरओचं पाणी वापरा.' तसंच केलं. पाण्याच्या केफिरच्या दाण्यांना साखरेबरोबर खनिजंही लागतात आणि आरओ नेमकी तीच काढून घेतं. आले तेव्हा दाणे पारदर्शक होते, दाबले की कट्‌कन तुकडा पडायचा. थोड्याच दिवसांत बोटांत धरले की लगदा होऊ लागला. पाणी दोन दिवसांनीही गोडच, बुडबुड्याचं नाव नाही. फोन केला तर 'तुमच्याच पाण्यात दोष असेल.' कार्डाचा फोटो पाठवला, तेव्हापासून उत्तर नाही. चमचाभर दाण्यांचे पाचशे रुपये घेता, मग कार्डावर दोन ओळी तरी नीट छापा!

नवीन दाणे ओळखीच्या एका ताईंकडून फुकट मिळाले. आता नळाचं पाणी, म्हणजे आमच्याकडे पेंच धरणाचं, उकळून पूर्ण थंड करते. उकळलं की क्लोरीन निघून जातो, खनिजं बऱ्यापैकी राहतात. एका लिटरला साठ ग्रॅम साखर आणि सुपारीएवढा गूळ. घरात फक्त आरओचंच पाणी असेल तर गूळ घालाच आणि चिमटीभर मीठही. मात्र सगळा गूळच घातला तर दाणे बुळबुळीत होतात, वाढ थांबते. साखर मुख्य, गूळ वरून.

आता दुधाचं केफिर. एक चमचा दाणे, दोन कप दूध, चोवीस तास, हे सगळ्यांना माहीत असतं. दाणे त्याच विकणाऱ्याकडचे होते, पण हे उत्तम निघाले, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. फुलकोबीच्या बारीक तुऱ्यांसारखे, पांढरे, चिवट. प्रवासातून आलेल्या दाण्यांचं पहिल्या आठवड्याचं केफिर यीस्टचा उग्र वास मारतं. ते ओतून देऊ नका, धिरड्यांच्या पिठात घाला. छान जाळी पडते.

आणि आता गाळणं. केफिरबद्दल जे काही वाचलं-पाहिलं त्यात गाळण्याला एक वाक्य असतं, 'गाळून घ्या.' इथे तर रोजचा अर्धा वेळ जातो, नव्या माणसाचा धीर सुटतो तोही इथेच. ज्यांनी महिन्याभरात सोडलं अशा माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी गाळण्याला कंटाळूनच सोडलं. म्हणून यावर सविस्तर लिहिते.

आमच्याकडे फुल क्रीम दूध येतं, सहा टक्के फॅटचं, कारण सायीचं तूप घरीच कढवतो. हे दूध तसंच बरणीत ओतलं की साय वर चढते. दाण्यांतल्या यीस्टमुळे वायू तयार होतो, तो दाण्यांना वर उचलतो आणि दाणे सायीत जाऊन अडकतात. सकाळी बरणी उघडावी तर वर लोण्यासारखा घट्ट थर आणि त्यात गुरफटलेले दाणे. चहाच्या गाळणीत ओतलं की जाळी बुजते. चमच्याने घासत बसायचं, साय गाळणीखाली लोंबते, कुठला दाणा आणि कुठली सायीची गुठळी ते कळत नाही. मग हात घालून एकेक दाणा चाचपून वेचायचा. नोकरीवर जाणाऱ्या बाईने सकाळी सात वाजता हे का करावं?

सुरुवातीला माझं मत होतं की दोष गाळणीचा. म्हणून मोठ्या भोकांची प्लास्टिकची गाळणी आणली. फरक पडला, पण अर्धाच. बारीक दाणे खाली पडतात ते पडू द्यावेत, पोटात गेले तर काही बिघडत नाही, मोठे वाढतच असतात. स्टीलची गाळणीही चालते. धातू अजिबात लावू नका असं जे सांगतात ते तांब्या-पितळेच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना लागू आहे, कारण आंबट पदार्थ त्यांना खातो. स्टीलला काही होत नाही.

मग सायीकडे लक्ष गेलं. दूध तापवून, फ्रिजमध्ये थंड करून, साय काढून घेतली आणि खालचं दूध केफिरला वापरलं. गाळण्याचा वेळ एकदम कमी झाला. साय तुपाला गेली, म्हणजे वाया काहीच नाही. ज्यांना तूप करायचं नाही त्यांनी सरळ तीन टक्क्यांचं टोन्ड दूध घ्यावं, लिटरमागे चार पैसेही वाचतात.

पण खरा उलगडा मार्चमध्ये उन्हं तापल्यावर झाला. साय काढलेल्या दुधाचंही गाळणं पुन्हा त्रासाचं होऊ लागलं. बरणीत हिरवट पाणी खाली आणि दह्याचे गोळे वर. हे गोळे दाण्यांएवढेच असतात, म्हणून एकमेकांत मिसळतात. याचा गाळणीशी संबंध नाही, सायीशीही नाही. दूध जास्त वेळ ठेवलं गेलं, इतकंच. त्यामुळे माझं आताचं मत असं की गाळणं सोपं की अवघड हे ठरतं वेळेवर. बरणी तिरकी केल्यावर दूध भिंत सोडून एकसंध घसरू लागलं आणि तळाशी पाण्याची पहिली बारीक रेघ दिसली की तीच घटका. झाकण लावून बरणी हातात गोल फिरवायची, केफिर सैल होतं आणि दोन मिनिटांत सगळं गाळणीतून खाली. दाणे धुवायचे नाहीत, तसेच नव्या दुधात टाकायचे.

ती घटका कधी येते हे घड्याळ सांगू शकत नाही. केफिरला वीस ते पंचवीस अंश मानवतात. दह्याला लावतो तसं कोमट दूध इथे लागत नाही, फ्रिजमधलं गार दूधही चालतं. नागपूरच्या डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा दोन-दोन दिवस लागले. मे महिन्यात तेहतीस-चौतीस अंशांच्या स्वयंपाकघरात आठ तासांत काम तमाम. उन्हाळ्यात दाणे निम्मे करावे लागतात, नाहीतर यीस्टचा जोर होतो आणि वास येतो.

उन्हाळ्यासाठी मी जे केलं ते विदर्भातल्या कोणालाही करता येईल. परातीत दोन बोटं पाणी, त्यात बरणी, बरणीभोवती ओला पंचा, त्याचं टोक पाण्यात बुडवलेलं. ही परात कुलरच्या वाऱ्यात ठेवायची. आमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे पंचा सतत सुकतो आणि बरणी गार राहते. थर्मामीटर लावून पाहिलं, खोलीत चौतीस अंश असताना दूध सव्वीसवर होतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत याचा उपयोग होणार नाही. तिथे सात-आठ तास बाहेर आणि मग फ्रिजमध्ये हाच मार्ग. गावाला जायचं असेल तर दाणे भरपूर दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत, दोन आठवडे आरामात टिकतात.

सासूबाईंनी एकादशीच्या आदल्या दिवशी विचारलं, "यात दारू असते म्हणतात, खरं का गं?" खरं आहे. यीस्ट आहे म्हणजे थोडा अल्कोहोल येणारच. चोवीस तासांच्या दुधाच्या केफिरमध्ये तो बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. पाण्याच्या केफिरमध्ये, त्यातही बाटली बंद करून ठेवलेल्यात, जास्त होऊ शकतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी घेणं थांबवलं. त्या ताकच पितात. ज्यांना चालत नाही त्यांना न सांगता देणं मला मान्य नाही. डॉक्टरांनी अल्कोहोल वर्ज्य सांगितलेलं औषध सुरू असेल, तर त्या काळात कोणीच घेऊ नये.

सासऱ्यांना मधुमेह आहे. पाण्याच्या केफिरमधली सगळी साखर दाणे खातात असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही, जिभेला गोडी लागते म्हणजे साखर उरलेली आहे. त्यांना ते देत नाही.

पाण्याच्या केफिरबद्दल जानेवारीत कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हटलं असतं. आता मत बदललं आहे. ताईंचे दाणे नीट चालले आणि उन्हाळ्यात मुलांचं बाटलीबंद कोल्ड्रिंक बंद झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री होती तेव्हा गाळलेल्या पाण्यात संत्र्याचा रस घालून एक रात्र बंद बाटलीत ठेवायचे. अप्रतिम लागतं, वर बारीक फेस येतो. कोकम घालायचं तर गोड अमृत कोकम घ्या. आगळात मीठ भरपूर असतं, त्यात फेस धरत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये काचेची बाटली वापरू नका. सोड्याची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, रोज दाबून पाहा, दाबली जात नाही इतकी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली फुटते तेव्हा तुकडे घरभर जातात. घरात लहान मुलं असताना हा धोका पत्करू नये.

खर्चाचं म्हणाल तर पाण्याच्या केफिरला लिटरमागे तीन-चार रुपये साखर-गुळाचे. दुधाच्या केफिरला दुधाचेच पैसे. दही आम्ही बंद केलेलं नाही, कढीला आणि दहीभाताला दहीच लागतं. जास्तीचं केफिर पंच्यात टांगून ठेवते, चक्क्यासारखं घट्ट होतं, त्यात लसूण, मीठ, मिरपूड घालून पोळीला लावायला मुलांना आवडतं. खाली उरलेलं पाणी कणकेत.

दाणे विकत घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगते. दुधाचे दाणे महिन्याभरात जवळजवळ दुप्पट होतात. ज्यांच्याकडे आहेत ते द्यायलाच बघत असतात, आजूबाजूला विचारून पाहा. घ्यावेच लागले तर थंडीत मागवा. कडक उन्हाळ्यात कुरियरची पुडी दोन-दोन दिवस तापलेल्या गाडीत पडून असते. आणि सोबतच्या कार्डावर आरओचं पाणी वापरायला सांगितलं असेल, तर पुडी उघडायच्या आधीच फोन करून खुलासा मागा आणि तो लेखी घ्या.